सरकीच्या पाकिटातली चिठ्ठी

राजापेठेत कृषी केंद्रासमोर स्कूटर लावली, की औषध चोळलेल्या सरकीचा उग्र, गोडसर वास येतो आणि मी माझ्या जुन्या वर्गात जाऊन पोचतो.

कपाशीची ती वाईट वर्षं होती. अर्थशास्त्र शिकून मी कायद्याकडे वळलो होतो आणि अमरावतीत करारांचा कायदा शिकवत होतो. माणूस आपलं भलं पाहूनच व्यवहार करतो, यावर माझा पक्का विश्वास. एका दुपारी मी बियाण्याचं फोडलेलं पाकीट वर्गात नेलं. गुलाबी भुकटी बोटांना लागली. आतली चिठ्ठी काढून तिच्यातलं वाक्य फळ्यावर लिहिलं: 'पाकीट उघडल्यास सर्व अटी मान्य आहेत असे समजले जाईल.' खाली रेघ ओढली आणि म्हणालो, "ही संमती."

धामणगावची नफिसा उठली. तिच्या घरी कपाशीचीच शेती होती.

"सर, चिठ्ठी कुठं होती?"

"पाकिटात."

"सीलबंद?"

"हो."

"मंग फोडल्याशिवाय वाचता येत नाई, अन् फोडलं का मंजूर. आमी नाई म्हनाचं कवा?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढचा मुद्दा घेतला. मला तो हजरजबाबीपणा वाटला.

तिच्या वडिलांची सरकी उगवलीच नव्हती आणि त्यांची तक्रार त्याच वाक्याच्या आधारे फेटाळली गेली होती, हे मला परीक्षेनंतर कळलं. तिच्या उत्तरपत्रिकेत संमतीची व्याख्या माझ्याच शब्दांत होती, अगदी बिनचूक. मी तिला पूर्ण गुण दिले होते.