फौजदाराचा कान

हौसामावशी बोलताना माणसाच्या तोंडाकडे कधी बघायची नाही, कानाकडे बघायची. आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत राहायला आली त्या दिवशी माझ्याशी दहा मिनिटं बोलली आणि दहाही मिनिटं तिची नजर माझ्या कुड्यांवर होती. मी घरात गेले आणि कुड्या काढून डब्यात ठेवल्या. नवी शेजारीण, आंदर मावळातून आलेली, कोण जाणे कशी असेल. दुसऱ्या दिवशी मोकळ्या कानांनी तिच्यासमोर उभी राहिले, तरी नजर तिथेच. तिसऱ्या दिवशी तिनेच विषय काढला.

"शिस्टर, रागवू नका. डोळ्याचा मधला पडदा गेलाय माझ्या. सरळ बघितलं की तुमच्या तोंडाच्या जागी नुसता धूर दिसतो. कानाकडं बघितलं की कडंनं तोंड दिसतं." मग जरा थांबून म्हणाली, "परवा तुमच्या डब्याचं झाकण वाजलं. कुड्या घाला परत. मला त्याच तेवढ्या दिसत न्हाईत."

मी तेव्हा तरुण होते, म्हणजे त्रेसष्टची. लोणावळ्यात एका दवाखान्यात छत्तीस वर्षं नर्स होते. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी अंगातला गणवेश काही उतरला नव्हता. कुणाची शीर सापडत नसेल तर मला बोलावतात, हे मी नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत असे. नोकरीत असताना म्हाताऱ्या माणसांना "आजी, एवढा मोठा बोर्ड लावलाय, दिसत नाही का?" असं खेकसायची. आता मला एकाहत्तर पूर्ण झालीत, बोर्ड मलाही दिसत नाही, आणि ती नर्स कुठे भेटली तर तिला दोन शब्द सुनवायचे आहेत.

मावशीचा मुलगा दत्ता आणि सून, दोघेही नवलाख उंबरे गावाकडच्या कारखान्यात पाळीने कामाला. एरवी घरात मावशी आणि फौजदार. फौजदार म्हणजे तिचा पिवळा बोका. नवरा गेल्यावर मावशी गाव सोडून मुलाकडे आली, ती कपड्यांचं एक बोचकं आणि पाटीत बसवलेला हा बोका घेऊन. त्याच्या गळ्यात तिने एक घुंगरू बांधलं होतं. तो पायरीवर बसला की पायरी कुठे आहे ते तिला कळायचं. दाराशी कुणी आलं की घुंगरू त्या बाजूला वळायचं. "त्याला मी दिसते, मला त्यो ऐकू येतो," ती म्हणायची, "जमतंय आमचं."

शनिवार-रविवारी आसपासच्या बंगल्यांवर येणाऱ्या पाहुण्यांच्या ताटातलं खाऊन खाऊन फौजदार चांगलाच सुटला होता. मग एका उन्हाळ्यात तो एकाएकी उतरायला लागला. पाठीचा कणा हाताला लागायचा. तांब्याभर पाणी प्यायचा आणि पुन्हा भांड्याशी जाऊन बसायचा. तळेगावच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे आम्ही त्याला रिक्षाने नेलं. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "याला साखर झालीय. इन्सुलिन लागेल, सकाळ-संध्याकाळ."

"देऊ की," मावशी त्यांच्या कानाकडे बघत म्हणाली.

डॉक्टर तरुण होते पण भला माणूस. त्यांनी तिच्या नजरेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आजी, दर वेळी आधी कानाला टोचून साखर मोजायला लागते. न मोजता दिलं आणि साखर फार खाली गेली, तर हा झोपेतच जाईल. तुम्हाला हे जमणार नाही. घरात दिसणारं कोण आहे?"

"मी आहे की," मी म्हणाले. छत्तीस वर्षं वगैरे सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. पंधरा दिवस दोन्ही वेळेचे आकडे लिहून आणायचे. ते नीट नसतील, तर उगाच त्याचे हाल करायचे नाहीत, शांत झोपेचं इंजेक्शन द्यायचं. परतताना रिक्षात मावशी फौजदाराच्या पाठीवर हात ठेवून बसली होती आणि घुंगरू मुठीत घट्ट धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी चष्मा पुसून, साखर मोजायचं यंत्र, त्याच्या पट्ट्या आणि सुई मांडून बसले. बोक्याला मांडीत दाबला, कान धरला आणि टोचणार, तोच तो माझ्या हातावर चार रेघा ओढून कपाटावर जाऊन बसला. पुन्हा धरला, पुन्हा कपाट. तिसऱ्या वेळी सुई माझ्याच अंगठ्यात गेली. यंत्रावर आकडा छान आला, पण तो माझा होता.

मावशी भिंतीला टेकून ऐकत होती. "शिस्टर, पेशंट न्हाई त्यो. फौजदार हाये. त्याला दाबून कसं चालंल?"

मग तिने मूठभर तांदूळ फडक्यात बांधले, पुरचुंडी तव्यावर गरम केली आणि कपाटाखाली नुसती बसून राहिली. पाच मिनिटांनी घुंगरू खाली आलं. तिने पुरचुंडी त्याच्या कानाला लावली. बोका डोळे मिटून घुरघुरायला लागला. ऊब लागली की कानात रक्त उतरतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं; तिला कुठून ठाऊक, ते मी विचारलं नाही. तिने सगळी तयारी आधी हाताने चाचपून घेतली. पट्टीची कोणती बाजू यंत्रात जाते, ते नखाने ओळखलं. डाव्या अंगठ्याचं नख कानाच्या कडेला लावलं आणि नखाला लागून सुई मारली. नख जागचं हललं नाही. पट्टी नखावरून घसरवत पुढे नेली, ती बरोबर थेंबाला लागली आणि यंत्र वाजलं. फौजदार घुरघुरतच होता.

मी विचारलं, "मावशी, न बघता कसं जमलं?"

"भाताची लावण केलीय का कधी? गुडघाभर चिखलात रोपाची मुळी कुणाला दिसती? तितं बोटंच बघत्यात. डोळं निस्तं पाऊस बघत्यात."

आकडा मात्र तिला दिसेना. तेव्हा तिने यंत्र खिडकीच्या उजेडात धरलं आणि खिडकीच्या कडीकडे बघितलं, जसं माझ्या कुड्यांकडे बघायची तसं. "तीनशे... पुढं चार का नऊ?" नऊ होता. इन्सुलिनचं पेन तर तिच्यासाठीच घडवल्यासारखं होतं. मागची कळ फिरवली की एकेका युनिटला टक असा आवाज यायचा. डॉक्टरांनी दोन टक सांगितले होते. चारशेच्या वर गेली तर तीन, आणि शंभराच्या आसपास आली तर द्यायचंच नाही, फोन करायचा. आकडे लिहायला तिने जुनी कॅलेंडरं काढली. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर जाड काळ्या पेनने एकेक आकडा वीतभर उंचीचा. एका पानावर एक दिवस. तिसऱ्या दिवसापासून माझं काम एवढंच उरलं, की बसायचं आणि चहा घ्यायचा.

माझी मात्र खोड जात नव्हती. मावशी दुपारी आमच्या गल्लीतल्या चिक्कीच्या कारखान्यात शेंगदाण्यांची सालं काढायला जायची. तिथून आली की फौजदाराला हात लावायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायची. साबण लावून, दोनदा. मी हसून म्हणायची, "मावशी, ऑपरेशन आहे का?" जन्मभर डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना हात धुवा म्हणून ओरडलेली बाई हे बोलत होती, हे लक्षात ठेवा.

अकराव्या दिवशी मावशी तापाने फणफणली. दत्ता आणि सून कामावर. संध्याकाळचे सात वाजत आले. मी तेवढ्यात कारखान्याच्या मालकीणबाईंना निरोप देऊन आले होते, की मावशी उद्याही येणार नाही. त्यांनी ताज्या गुळाच्या चिक्कीची गरम कड माझ्या हातावर ठेवली होती. ती मी रस्त्याने खात आले आणि बोटं पदराला पुसली.

"आज मी करते," मी म्हणाले. एव्हाना मीही पुरचुंडी लावायला शिकले होते. कान चोळला, टोचलं, पट्टी लावली. फौजदार हललासुद्धा नाही. मला इतका आनंद झाला, की आकडा आला तेव्हा वाईट वाटायलाही वेळ लागला. चारशे अठ्ठ्याऐंशी.

"मावशी, वाढली हो. आता तीन द्यावे लागणार." मी पेन घेतलं. टक. टक. टक.

"थांबा," गोधडीतून आवाज आला. "सकाळी किती हुती?"

"एकशे साठ."

"पाण्याचं भांडं द्या हिकडं."

"मावशी, त्याची वेळ होतेय."

"भांडं द्या म्हणते ना."

तिने भांडं दोन्ही हातांत घेऊन तोललं. अंगात ताप, हात थरथरताहेत, तरी पाणी सांडलं नाही. "सकाळी भरल्यालं. हलकं झालं न्हाई. साखर वाढली की ह्यो निम्मं भांडं पितो. आज त्याला तहानच न्हाई, मग साखर आली कुठनं?"

"यंत्र खोटं बोलतं का?"

"यंत्राला म्या कुटं काय म्हनलं? तुमचा हात द्या."

मी हात दिला. तिने माझी बोटं एकेक करून अंगठ्याने चाचपली, मग नाकाशी नेली.

"कसली चिक्की? शेंगदाण्याची का तिळाची?"

मी मोरीत गेले. कोपरापर्यंत हात धुतले. साबण लावून, दोनदा. फौजदाराचा कान ओल्या फडक्याने पुसला, कोरडा केला, दुसऱ्या बाजूला पुन्हा पुरचुंडी लावली. या वेळी आकडा आला पंच्याण्णव.

पंच्याण्णववर तीन टक. सकाळपर्यंत फौजदार उठला नसता. जन्मभर ज्या डोळ्यांचा आणि ज्या हातांचा मी तोरा मिरवला, त्या दोन्हींनी मिळून त्याला मारला असता. मी पेन खाली ठेवलं आणि डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आज काही देऊ नका, थोडं खायला घाला, तासाने पुन्हा मोजा.

मावशी मला रागावली नाही. त्या रात्री मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते, तेव्हा एवढंच म्हणाली, "शिस्टर, माजं डोळं गेल्यात म्हणून मी समद्यांना इचारते. पाण्याला इचारते, भांड्याला इचारते. तुमाला दिसतंय, तुमी कुणाला इचारणार?"

पंधराव्या दिवशी आम्ही तळेगावला गेलो. डॉक्टरांनी वही मागितली. मावशीने काखेतली गुंडाळी सोडली आणि टेबलावर पंधरा पानं पसरली. टेबल पुरेना, तेव्हा तीन पानं जमिनीवर मांडली. वीतभर आकडे, तीनशेपासून उतरत आलेले. अकराव्या दिवशी चारशे अठ्ठ्याऐंशी होतं, ते मी खोडून टाका म्हणाले होते. तिने ठेवलं होतं आणि बाजूला तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: चिक्की.

डॉक्टरांनी विचारलं, "हे काय?"

"त्ये शिस्टर सांगतील," मावशी म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून बसली.

मी सांगितलं. डॉक्टर आधी हसले, मग उठून त्यांनी मावशीचे पाय धरले. फौजदाराला त्यांनी तपासलं, वजन घेतलं. पावशेर वाढलं होतं. इंजेक्शनाचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट, चार महिन्यांनी इन्सुलिनच बंद झालं. मांजरांमध्ये लवकर आणि नीट उपचार मिळाले तर कधी कधी साखर अशी आपली आपण सावरते, असं डॉक्टर म्हणाले. मावशीला विचारलं तर ती म्हणायची, "फौजदार हाये त्यो. बदली करून घेतली."

त्यानंतर डॉक्टर लोकांना आमच्याकडे पाठवायला लागले. बंगल्यातली एक बाई तिचं लांब केसांचं पांढरं मांजर घेऊन आली. तिला दोन चांगले डोळे होते आणि हात कापत होते. मावशीने आधी तिला मोरी दाखवली. मग समोर बसवून म्हणाली, "आता डोळं मीट." बाई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, "मिटा. मीही असंच शिकले." तिसऱ्या दिवशी त्या बाईला जमलं. असे पाच-सहा जण येऊन गेले. सगळे डोळस, आणि सगळे तिच्यासमोर डोळे मिटून बसलेले.

दोन वर्षांनी दत्ताने गावाकडचं घर नीट बांधून घेतलं आणि मावशी परत गेली. फौजदार त्यानंतरही चांगला जगला, सुगीत उंदीर मारायचा असं ऐकलं. मी कान्हे फाट्यापर्यंत पोचवायला गेले होते. टाकव्याकडे जाणारी जीप भरत होती. मांडीवर पाटी, पाटीत घुंगरू वाजतंय, अशी ती खिडकीशी बसली.

"शिस्टर, हात धुवा."

"धुईन."

जीप सुरू झाली. मी खिडकीला धरून चार पावलं चालले. जीप वळणावर जाईपर्यंत ती मान वळवून माझ्या कुड्यांकडे बघत राहिली.