आधी त्याला खोली मिळू दे

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत माझ्या बायकोच्या मामांइतका गंभीर वाचक मी पाहिलेला नाही, आणि ते वाचतात काय, तर इंग्रजी कॉमिक्स. तीही साधीसुधी नव्हेत. निरनिराळ्या पुस्तकांतले झगेवाले, मुखवटेवाले नायक एकाच संकटासाठी एकत्र जमतात, ती जाडजूड कॉमिक्स. रहिमतपूरच्या घरी मामा आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, शब्दकोश शेजारी घेऊन खुर्चीत बसतात. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर आणि वाचताना घरात कडकडीत शांतता. आलेला पाहुणा पुस्तकांच्या कपाटाकडे नुसता बघू लागला, तरी मामा त्याला बसवून घेतात आणि वाचायला सुरुवात कुठून करायची ते समजावून सांगतात. पहिल्या अंकापासून करतो म्हणालात, तर तुमची कीव करतात. या नायकांचा पहिला अंक दर दोन-चार वर्षांनी नव्याने निघतो, त्याच्या नादाला लागलेला माणूस वाया गेला, असं त्यांचं मत आहे.

मागे एकदा सिनेमा बघून भारावलेले एक बँकेचे कॅशियर आले आणि त्यांनी कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक उचललं. मामांनी ते शांतपणे त्यांच्या हातून काढून घेतलं आणि एक पातळ अंक पुढे केला. त्यात नायक अंकभर भाड्याची खोली शोधत हिंडतो, मारामारीचं नाव नाही. कॅशियर हिरमुसले. मामा म्हणाले, "सायेब, आधी त्याला खोली मिळू दे. जग वाचवायचं मागनं बगू." त्यांची पद्धतच ही. एकच माणूस धरायचा. त्याचं घर, त्याचा स्वभाव, त्याच्या खोडी कळू द्यायच्या, मग त्याच्या दोस्तांकडे वळायचं आणि सगळ्यात शेवटी सगळे जमतात ते पुस्तक उघडायचं. तिथेही अनोळखी चेहरे दिसले तर खुशाल सोडून द्यायचे, कारण लग्नात आपण प्रत्येक पाहुण्याची चौकशी करत बसत नाही. माझ्यासाठी तर ते पिशवीत पुस्तकं घालून एसटीने माधवनगरला आमच्या घरी आले होते. पुढच्या खेपेला त्यांनी नायकाच्या घरमालकिणीचं नाव विचारलं. मी पातळ अंक टाळून थेट जाड पुस्तकाला हात घातला होता, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. चहाही न घेता पिशवी उचलून ते निघून गेले.

पण हा छंद मूळचा मामांचा नव्हे. ती सगळी पुस्तकं त्यांच्या मुलाची. तो पुण्याला नोकरीला होता, बायको रहिमतपूरला, आणि हा सुट्टीपुरता घरी यायचा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात हायवेवरच्या अपघातात गेला. मामी आधीच गेलेल्या. घरात उरले मामा आणि सून. सावडायच्या दिवशी सगळा गाव लोटला, पुढाऱ्यांची भाषणं झाली. एकाने तर तो किती कष्टाळू शेतकरी होता ते गहिवरून सांगितलं. त्याने आयुष्यात कधी नांगराला हात लावला नव्हता. सून खाली मान घालून सगळं ऐकत होती. पुढे काही महिन्यांनी मामांनी मुलाची ट्रंक उघडली आणि हाताला येईल ते पुस्तक काढलं. नेमकं सगळ्यात जाड. उघडलं त्या पानावर सगळे नायक एका शवपेटीभोवती उभे राहून रडत होते, आणि आत कोण आहे हे मामांना काही केल्या कळेना. "पाव्हणं," ते मला म्हणाले, "तवा माझ्या डोक्यात परकाश पडला. पोरीला माझ्या पोराची वळख व्हायच्या आधी त्याचं मयतच बगाय लागलं." तेव्हापासून ते सुरुवाती शोधत बसले. लोक त्यांना हसतात. मीही हसत होतो, पण हे ऐकल्यापासून मला ते जमत नाही.

या उन्हाळ्यात सुनेचं दुसरं लग्न ठरलं. स्थळ मामांनीच बघितलं. ती माहेरी जायच्या आदल्या दिवशी मी आणि बायको रहिमतपूरला गेलो, तर मामांनी ट्रंक पुढच्या सोप्यात आणून ठेवली होती. पुस्तकं वाचायच्या क्रमाने लावली होती, पातळ अंक सगळ्यात वर. ही तू घेऊन जा, त्याची आहेत, असं ते म्हणाले. सुनेने झाकण लावून घेतलं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तीही सासऱ्यांना मामाच म्हणते.

"मामा, ह्या लोकांचं नगं," ती म्हणाली. "त्यांचं सांगा. मला त्यांचं कायच म्हाईत न्हाई."

येईल त्याला सुरुवात सांगणारे मामा खाली फरशीकडे बघत राहिले. पाठीला कधी बाक न आलेला हा माणूस आता आमच्यासमोर मोडणार, असं वाटलं. सून मात्र तशीच उभी होती. मग मामा बोलले.

"त्याला वांगं आवडायचं न्हाई. ल्हान आसताना माजी नजर चुकवून माज्याच ताटात टाकायचा."



"मी तर ते आले की वांगंच करायची," सून म्हणाली. "मागून घ्यायचे. दोनदा."

मामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, आणि परत न घालता हातातच धरून ठेवला. मग शेजारची खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"हे मला ठावं न्हवतं," ते म्हणाले. "बस हितं. आता तू सांग."