धाकटीच्या वाटीतली साखर

आमच्या घरात दारूला कुणी शिवत नाही, हा आईचा मोठा तोरा. गल्लीत कुणी झिंगून आलं की ती धाडकन दार लावून घ्यायची. ब्रँडीची चपटी बाटली मात्र कपाटात बामाशेजारी कायम. ती दारू नव्हेच, औषध! सर्दी झाली, अंगात कसकस आली की आई वाटीत ब्रँडी, गरम पाणी आणि साखर घालून पाजायची. धाकट्या बहिणीला कडू लागू नये म्हणून साखर चमचाभर जास्त. आम्ही दोघी त्यावरच वाढलो.

लग्नानंतर धाकटी एकदा थंडीत मुरगूडहून माहेरी आली, तेव्हा तिचं अंग मोडून आलेलं, अन्नावर वासना नाही. आईने रोज संध्याकाळी तिच्या हातात वाटी दिली. तिला दिवस गेलेत हे कळलं ते सासरी परतल्यावर.

मुलगी झाली. दूध पिताना तिचे ओठ निळे पडायचे. राजारामपुरीत हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, हृदयाच्या पडद्याला मोठं छिद्र आहे, फुफ्फुसाकडची वाटही अरुंद आहे. मग विचारलं, सुरुवातीला कसल्या गोळ्या, दारू वगैरे?

"आमच्यात दारू कोण पीत न्हाय," आई ताडकन म्हणाली. "कसकस व्हती तवा ब्रँडी दिलती तेवढी. औषध म्हणून."

"आजी, ब्रँडी म्हणजे दारूच," बाई हळूच म्हणाल्या. "बाळाचं हृदय पहिल्या दोन महिन्यांत घडतं, बाईला दिवस गेलेत हे कळायच्या आतच सुरुवात झालेली असते. तेव्हा दारू पोटात गेली तर घडण बिघडू शकते. या बाळाचं त्यानंच बिघडलं, असं मात्र कुणालाच सांगता येणार नाही."

हे शेवटचं वाक्य आईला ऐकूच गेलं नाही.

ऑपरेशन ठरलं, पण त्याआधीच पोर गेली. मला देवाचा राग आला, त्या बाटलीचा आला. आईवर रागवायला जीव धजेना. आईने बाटली मोरीत ओतली आणि धाकटीच्या मागे लागली, "शिव्या घाल मला, पर बोल की."

एका संध्याकाळी आई तिच्याजवळ जाऊन बसली.

"लई कडू लागायची व्हय गं?"

"न्हाय," धाकटी म्हणाली. "तू साखर जास्त घालायचीस की."

आईने पदराचा बोळा तोंडात कोंबला.