वरची मोकळी जागा

आठवीत असताना मी ताडकळसच्या आठवडी बाजाराचं चित्र काढलं आणि बाजाराच्या मागं दोन डोंगर उभे केले. डोंगरांच्या मधून सूर्य, सूर्याखालून नदी, नदीकाठी नारळाचं झाड. आमच्या वर्गात सगळ्यांचीच चित्रं अशी असायची. शाळेत नव्यानं आलेले चित्रकलेचे शिक्षक श्री. मुंजाजी ढगे सर माझ्या बाकापाशी थांबले. त्यांनी कागद उचलला, उलटा धरून पाहिला आणि विचारलं, "हे डोंगर कुठले गं?"

"कुठलेच न्हाईत सर. वर जागा रिकामी राहायली होती."

सर हसले नाहीत. त्यांनी अख्खा वर्ग शाळेच्या गच्चीवर नेला. "आता दाखव डोंगर," म्हणाले. चहूकडे सपाट काळं रान, मधे तुरीचे पट्टे आणि वर नुसतं आभाळ. "आपल्याकडं आभाळ लय मोठं हाय. ते झाकायलीस कशाला? रिकामं दिसायलंय ना, मग कागदावर रिकामं राहू दे." सरांची आणि माझी ओळख झाली ती अशी.

अवकाश, तोल, पोत, लय हे शब्द परीक्षेच्या पुस्तकात होतेच; सरांनी ते आमच्या हातात दिले. पोत शिकवताना त्यांनी आधी डोळे मिटून गोणपाट, पितळी तांब्या आणि बाभळीची साल चाचपायला लावली, मग पेन्सिल धरू दिली. हिरव्या रंगाची बाटली वर्गात कधी आलीच नाही. "निळ्यात पिवळा घाल, तुझा तूच हिरवा कर," असं ते म्हणत, आणि प्रत्येकाच्या शेताचा हिरवा वेगळा निघे.

चित्र तपासायची त्यांची रीत त्यांच्या साऱ्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. ते चित्र उलटं धरतात. उलट्या चित्रात बैल कुठला नि माणूस कुठला याकडं लक्ष जात नाही, कुठली बाजू जड झाली ते मात्र लगेच दिसतं. जमलं नसेल तर कागद उलटाच परत मिळे, जमलं असेल तर सुलटा. 'छान' हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकलेला विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे. या बाबतीत सर भारी कंजूष आहेत, आणि हे त्यांच्याच या गौरवग्रंथात लिहायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

बाकी सगळ्यात त्यांचा हात सढळ. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. दहावीच्या वर्षी धाकट्या भावाला सांभाळायला मलाही न्यायचं ठरलं, तेव्हा सर घरी आले. वडिलांना म्हणाले, "पोरीला आमच्याकडं राहू द्या. तुमी परत येईस्तोवर आमची लेक समजा." सरांच्या पत्नींनी, आमच्या काकूंनी, त्या हंगामात मला आपल्या मुलींच्या पंगतीला बसवून जेवू घातलं. मी आज पाथरीत चित्रकला शिकवते ती त्या हंगामामुळं. सरांविषयी मला आदर आहेच, पण त्याहून जास्त माया आहे.

यंदा सरांच्या पंच्याहत्तरीच्या या ग्रंथाचं मुखपृष्ठ माझ्याकडं आलं. मी खाली काळ्या रानाची एक रेघ ओढली, डावीकडं छत्री घेऊन चाललेले छोटेसे सर काढले आणि बाकी सगळं आभाळ सोडलं. समितीचे अध्यक्ष ज्ञानोबा, माझेच वर्गमित्र, ते पाहून कासावीस झाले.

"वरची समदी जागा वाया जायलीय. समितीतल्या समद्यांचे फोटो बसतेत की तिथं. भोवती झेंडूची माळ टाकू."

मी नाही म्हटलं. "मग दुसऱ्याकडून करून घेऊ," ते म्हणाले. मला संताप आला. सरांच्याच पुस्तकावरून सरांनी शिकवलेलं पुसलं जाणार होतं, आणि ते मी होऊ देणार नव्हते. "सरांना दाखवू. ते म्हणतील तसं," मी म्हटलं.

सर ओसरीवर बसले होते. त्यांनी चित्र घेतलं, सवयीनं उलटं केलं आणि हात लांब करून बराच वेळ पाहिलं. ज्ञानोबांनी फोटोंचा विषय काढला, सरांनी तो ऐकलाही नसावा. मी चाळिशी ओलांडलेली बाई, पण कागद उलटा मिळतो की सुलटा, याची आठवीतल्या पोरीसारखी वाट पाहत होते. मग त्यांनी चित्र सुलटं करून माझ्या हातात दिलं.

"डोंगर न्हाई काढलास," म्हणाले.

त्या दिवशी गच्चीवर ज्ञानोबाही होते. ते मोठ्यानं हसले. फोटो आतल्या पानांवर गेले.

वाचकहो, हे पुस्तक मिटून एकदा उलटं धरून पाहा. तोल कुठं ढळला असेल तर दोष माझा. सरांच्या शंभरीच्या ग्रंथाचं मुखपृष्ठही मीच करणार आहे, आणि तेव्हाही ते सरांनी स्वतःच्या हातांनी उलटं धरून तपासावं, एवढं लांब आणि निरोगी आयुष्य त्यांना मिळो. 'छान' नाही म्हणाले तरी चालेल.