मेलेल्या भावाचा पार्ट

नाटक मंडळीत एकदा पाय ठेवला, की किस्से कुसळांसारखे धोतराला चिकटतात. आमची नार्नूरची मंडळी कधीच पांगली. कुसळं मात्र अजून टोचतात.

आमचा मराठी बोलणारा भाग तेव्हा आंध्र प्रदेशात होता. वाघमारे सरांनी ग्रीक देशाचं फार जुनं नाटक बसवायला घेतलं. लढाईत भाऊ मरतो. राजा म्हणतो, याला कोणी माती द्यायची नाही. बहीण म्हणते, मी देणार!

मी भाजीपाला पिकवणारा, शाळा न पाहिलेला. पाठांतर काही जमेना. सर म्हणाले, "बाबूराव, तुमचा पार्ट सोपा. मेलेले राहा!"

बहीण झाली शेवंताबाई, शाळेत शिकवायची. तिचा थोरला भाऊ इचोड्याहून ट्रकवर क्लीनर म्हणून गेला, तो गेलाच. ना चिठ्ठी, ना निरोप. तिची अट एकच. "सर, एक खेळ इचोड्याले, रस्त्याच्या कडेला लावा. ट्रकवाले जेवाले थांबतात. दादा असंल तर पाह्यल मले."



*

राजा म्हणजे किराणावाले शंकरअण्णा. तालीम त्यांच्याच दुकानात. एकदा गरजले, "माती देईल त्याला फाशी!" तेवढ्यात दारात गिऱ्हाईक. अण्णा त्याच दमात, "या मावशी, बसा. गूळ ताजा हाय!"

सरांनी डोकं धरलं. "अण्णा, राजाची गिऱ्हाईकं बाहेर ठेवा!"

*

तालमीत शेवंताबाई मूठच उघडेना. "माती नाही टाकत सर. माहा दादा जिता हाय. अपशकुन होते."

"काऊन अडून राह्यली? मग ज्वारीचं पीठ घे!" सर म्हणाले.

घरी गेलो तर बायको म्हणते, "नाटकात मेले का गिरणीत?"

*

नार्नूरचा पहिला खेळ. शेवंताबाईनं पीठ टाकलं, अन् पुढं बसलेली एक म्हातारी उठून स्टेजवर आली. आमच्याकडं मयतीला आलेला माणूस मूठभर माती टाकल्याशिवाय माघारी फिरत नाही. तिनं खरी माती टाकली. तिच्यामागं अख्ख्या गावानं लाईन लावली!

अण्णा ओरडले, "खबरदार! राजाचा हुकूम हाय!"

म्हातारी उलटली, "तू गप रे शंकऱ्या! पोरगं उघडं पडून राह्यलं!"

शेवटी बंदोबस्ताचा तेलुगू पोलीस आला. वाटलं, लाईन मोडतो. त्यानं टोपी काढली, माती टाकली अन् अण्णांना म्हणाला, "जाने दो राजासाब."

*

मग इचोडा. बाजाराचा दिवस, भर दुपार. ढाब्यापुढं ट्रकच ट्रक. शेवंताबाई डायलॉग बोलायची, डोळे रस्त्यावर. विंगेतून सर दबक्या आवाजात, "पब्लिककडे पाह्य!"

ती तिथूनच, "तेच तर पाहून राह्यली सर!"

*

त्याच खेळात मातीचा सीन आला. मी डोळे मिटून पडलेला. जेवणं आटोपून ट्रक एकेक करून चालू झाले, निघाले. ती माझ्याजवळ बसली. बसूनच राहिली. विंगेतून सर, "टाक माती! टाक!"

तिनं पिठाचा हात पदराला पुसला. माझा हात धरला.

"ऊठ दादा. जेवण झाकून ठेवलं हाय. घरी चाल."

मी एक डोळा उघडला. सर दोन्ही हातांनी 'नाही, नाही' करत होते. अण्णांनी तलवार खाली केली अन् वाटेतून बाजूला झाले.

मी उठलो. तिच्यामागं चालू लागलो.