अक्काचं हृदय आणि वरची सेव

अक्का गेल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण तिच्याबद्दल चांगलं बोलतो. तिला हे सहन झालं नसतं. ती शांत होती, सोशिक होती, असं परवा एक गृहस्थ सांगून गेले. मी चहा पुढे केला. आपण चुकीच्या घरी तर आलो नाही ना, हे त्यांनी एकदा बाहेर जाऊन बघायला हवं होतं.

अक्का माझी थोरली बहीण. मेहुणे वारल्यावर ती धारला माझ्याकडे राहायला आली. अधूनमधून देवासला मुलाकडे जायची. स्तनाचा कॅन्सर निघाला तेव्हा उपचार इंदूरला, म्हणजे दोन्ही घरांच्या मधोमध. "बरं झालं," ती म्हणाली, "तुम्हा दोघांना सारखाच त्रास."

ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले. आरशात बघून म्हणाली, "थेट बाबा दिसतेय. मिशा तेवढ्या राहिल्या."

मग दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन सुरू झालं. ते कॅन्सरवर चांगलं, पण काही जणांच्या हृदयाला दमवतं. म्हणून मधूनमधून इको काढून हृदय नीट काम करतंय ना, ते बघायचं असतं. अशाच एका इकोत अक्काचं हृदय दमलेलं निघालं. पाय तर आधीच सुजले होते आणि जिन्यात धाप लागत होती. कॅन्सरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवलं. हृदय सावरलं तर पुन्हा देऊ, नाही तर हे औषध बंद. बंद झालं तर पुढे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

त्यांनी आम्हाला हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. अक्काने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पहले आप दोनों आपस में तय कर लो, मुझे मरना किससे है."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी हृदयाला बळ देणाऱ्या गोळ्या दिल्या, अंगातलं पाणी काढणारी गोळी दिली आणि मीठ तोडलं. मी धारला अळणी खिचडी शिजवायला लागलो. देवासला भाच्याने लोणच्याची बरणी शेजाऱ्यांकडे ठेवून दिली. तरी पुढच्या भेटीला पाय तसेच सुजलेले, आणि वजन वाढलेलं.

"मामा, तुम्ही तिकडे आईला काय खिलवता?" बाहेरच्या बाकावर भाच्याने मलाच धरलं.

"तू खिलवतोस तेच."

"मैं तो बिना नमक का देता हूँ!"

"मग मी काय समुद्र पाजतो?"

आत डॉक्टरांनी अक्काला दिवसभराचं खाणं विचारलं. ती शहाण्या मुलीसारखी सांगायला लागली. सकाळी पोहे, मीठ नाही. दुपारी दाल, मीठ नाही. रात्री खिचडी, मीठ नाही.

डॉक्टर माळव्यातलेच होते. त्यांनी विचारलं, "पोहे के ऊपर?"

"ऊपर तो सेव ही आएगी."

"दाल के ऊपर?"

"सेव."

"और खिचड़ी?"

तिने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "साब, आप कहाँ के हो?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अम्मा, मैं गोली से पानी निकाल रहा हूँ, आप सेव से वापस भर रही हो."

"मी खात नाही सेव," अक्का माझ्याकडे वळून चिडून म्हणाली. "नुसती वर घालते."

भाचा जमिनीकडे बघत होता. मीही. आमच्याकडे सेव कुणी खात नाही, ती वर असतेच. धारच्या डब्यातून मी रोज मूठभर भुरभुरवत होतो आणि देवासला तो. आमच्या दोघांच्याही डोक्यात ते मीठ म्हणून आलं नव्हतं.

सेव गेली. अक्का जेवताना माझ्याकडे अशी बघायची की जणू मीच तिला विष घालतोय. पण सूज उतरली. दोन-अडीच महिन्यांनी इको सुधारला. दोन्ही डॉक्टर आमच्यासमोर फोनवर बोलले आणि इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. "झाला बाई समझोता," ती म्हणाली.

इंजेक्शनं पुरी झाली. आणि पुढच्या वर्षी रोग यकृतात निघाला.

हृदयाच्या डॉक्टरांनी त्याही वेळी इको काढला. ते हळू आवाजात म्हणाले, "दिल तो आपका फर्स्ट क्लास है, अम्मा."

"हो? मग आता त्याचं करू काय?" हे तिने मला विचारलं. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली, त्यांतलं एकही कामाला आलं नाही.

ते तिचं तिने ठरवलं. देवासला गेलो होतो तेव्हा म्हणाली, देवीची टेकरी चढायची. भाचा रोपवेची तिकिटं काढायला निघाला.

"तुझ्या मामाला बसव त्यात," ती म्हणाली. "मी दर्शनाला नाही चाललेय. एवढं दुरुस्त केलंय, चालवून तरी बघते."

भाचा हरला. तो चपलांपाशी थांबला आणि आम्ही दोघं पायऱ्या चढायला लागलो. ती सावकाश चढत होती, थांबत होती, कठडा धरून खालचं गाव बघत होती. धाप मला लागली. अर्ध्या वाटेत मी पायरीवर बसलो.

"भिया, इको तुझा काढायला हवा होता!" ती वरून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली.

लोक वळून बघायला लागले. तू जा, असा मी हात केला. ती थोडी थांबली, मग वळली आणि चढत गेली.