रिकाम्या पुडीतलं बटण

भूत-बित, संकेत-बिंकेत... आजवर मी असल्या गोष्टींची टिंगलच करत आलोय. प्रोग्रॅमर माणूस मी. काही विचित्र घडलं की चूक कोडमध्येच असणार, एवढंच मानतो. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय.

जुन्या जालन्यात, कापड दुकानांच्या मागच्या गल्लीत आई शिवणकाम करायची. तिची बटणं म्हणजे डब्यात डबी, डबीत पुडी, पुडीत आणखी पुडी! लहानपणी मी एकेक उघडत बसलो की मशीनवरून ओरडायची, "एक-एक काय पाहून राह्यला? ओत सगळं चटईवर, मंग बराबर सापडतं!"

आई गेली, त्यानंतर महिन्याभराने धाकट्या बहिणीचा, उज्जूचा फोन आला. "दादा, मला सोनं-नाणं कायबी नको. माझ्या हिरव्या फ्रॉकचं बटण तेवढं दे. आईनं जपून ठेवल्तं."

दोन दिवस शोधलं. नाही सापडलं. तसं उज्जूला कळवलं. "तुला तिच्या वस्तूंची कदरच न्हाई," म्हणाली आणि फोन ठेवला. फार लागलं ते.

रविवारी दुपारी लॅपटॉप घेऊन बसलो. आईच्या डब्यात कशात काय आहे ते जसंच्या तसं टाइप केलं — लिस्टमध्ये लिस्ट, तिच्या आत अजून लिस्ट. एक पुडी रिकामी होती, म्हणून तिची लिस्टही रिकामी. मग सगळे कप्पे मोडून एकच सपाट यादी देणारं फंक्शन लिहिलं. नाव दिलं — ओत.

रन केलं. पांढरं, काळं, पितळी... आणि मधेच — 'उज्जूचं हिरवं'.

हे मी टाइप केलंच नव्हतं! फाइलमध्ये शोधलं, हे शब्दच नाहीत. त्या जागी होती फक्त ती रिकामी पुडी. अहो, रिकामी लिस्ट ओतली तर त्यातून पडणार काय? पुन्हा रन केलं, तर ती ओळ गायब.

उठून पुडी आणली, कागद पूर्ण उलगडला. अगदी आतल्या घडीत चिकटून बसलं होतं हिरवं बटण. मी ढसाढसा रडलो.

उज्जूला फोटो पाठवला. लगेच फोन. "कुठं सापडलं रे?" आणि पुढे तीच म्हणाली, "ओतलं ना मंग चटईवर?"

ऑफिसातले म्हणतात, चुकून टाइप करून पुसलं असशील. असेलही... फाइलमध्ये ती पुडी अजून रिकामीच ठेवलीय. आठवण आली की 'ओत' चालवतो. काही येत नाही. तरी चालवतो.